गोवराचा ‘दहा हजारांत एक’ हा आकडा आला कुठून?

‘गोवराने दहा हजारांत एखादेच मूल दगावते, जिथे याहून जास्त माणसे मेली, ते समाज मुळातच दुबळे होते,’ असा मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. त्याचा पहिला भाग अर्धवट आहे आणि दुसरा चुकीचा.

हा आकडा लस येण्यापूर्वीच्या अमेरिकेतला आहे. तिथे दरवर्षी ३० ते ४० लाख जणांना गोवर होत असावा असा अंदाज होता, नोंद सुमारे पाच लाखांची होई आणि ४०० ते ५०० रुग्ण मरत. अंदाजित लागणीने भागले तर प्रमाण दहा हजारांत एकाच्या आसपास येते, नोंदींनी भागले तर हजारात एक. मृत्यू मात्र तेवढेच राहतात. म्हणून दोन समाजांची तुलना करण्याआधी छेदात काय घेतले आहे हे विचारायलाच हवे. जिथे अत्यवस्थ मुलेच दवाखान्यापर्यंत पोहोचतात तिथे दर फुगतो, आणि जिथे घरी झालेले मृत्यू कुठेच लिहिले जात नाहीत तिथे तो खोटा दिलासा देतो. गोवरानंतर काही वर्षांनी क्वचित उद्भवणारा मेंदूचा जीवघेणा विकार तर अशा हिशेबात सहसा येतच नाही.

आता ‘दुबळ्या समाजां’विषयी. १८७५ मध्ये फिजीत सुमारे ४०,००० माणसे, म्हणजे लोकसंख्येचा जवळपास चौथा हिस्सा, गोवराच्या साथीत गेली. याला वंशाचा दोष म्हणणारे हे विसरतात की घरेच्या घरे एकाच वेळी आजारी पडल्याने पाणी द्यायलाही कोणी उरले नव्हते. त्याहून बोलका पुरावा पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊ या देशातला आहे. तिथे डॅनिश संशोधक पीटर ओबी यांना असे आढळले की बाहेरून गोवर घेऊन आलेल्या मुलापेक्षा, त्याच्याकडून घरातच लागण झालेली मुले जास्त प्रमाणात दगावतात. एकाच घरातल्या मुलांमधला हा फरक वंशाने कसा समजावणार? दाटीवाटीच्या घरात, दीर्घ आणि निकटच्या सहवासामुळे विषाणूंची मोठी मात्रा शरीरात जाते, असे ओबी यांचे स्पष्टीकरण होते. कुपोषण आणि ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता यांनी धोका आणखी वाढतो.

‘हे सगळे जुने झाले,’ असेही त्या मजकुरात म्हटले आहे. प्रशांत महासागरातल्या सामोआ या बेटांच्या देशात लसीकरण घसरल्यानंतर २०१९ मध्ये आलेल्या साथीत सुमारे ५,७०० रुग्णांपैकी ८३ जण मरण पावले, म्हणजे शंभरात एकाहून अधिक, आणि त्यांतली बहुतेक पाच वर्षांखालची मुले होती.