करंटचा बाण उलटा आहे, असू द्या

अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, दरवर्षी कुठलं तरी लेकरू हे विचारतंच: "सर, इलेक्ट्रॉन इकडून तिकडं जातात, मग करंटचा बाण उलटा कामून काढायचा?" त्यावर सरांचा ठरलेला विनोद असतो. बेंजामिन फ्रँकलिन या शास्त्रज्ञानं घोळ घातला, भोगतोय आपण.

मला हा त्या माणसावर अन्याय वाटतो. विजेच्या भारांना अधिक-उणे ही नावं त्यानं १७४७ च्या सुमारास दिली, करंटचा बाण अधिककडून उणेकडं काढतात तो त्यावरूनच. इलेक्ट्रॉन सापडला १८९७ साली. आणि उलटं तरी काय आहे त्यात? तांब्याच्या तारेत ऋण भार सरकतो, हे खरं. पण तुमच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत, ऍसिडमध्ये धन आयन (भार असलेले कण) एका बाजूला निघालेत आणि ऋण आयन दुसऱ्या बाजूला, एकाच वेळी. तिथं खरी दिशा कोणती धरणार? बाण हा हिशोबापुरता केलेला करार आहे आणि त्यानं आजवर कुठलंच गणित चुकवलेलं नाही.

असंच एककांचं. पावसाळ्यात नाथसागराचे दरवाजे उघडले की सगळा मराठवाडा क्युसेक आणि टीएमसीत बोलतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. घनफुटाचा हिशोब, एसआय या आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत बसत नाही. तरी मी वर्गात मुद्दाम घेतो. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८.३ लिटर, आणि ११,५७४ क्युसेकनं दिवसभर पाणी सोडलं की बरोबर १ टीएमसी गेलं. पेपरातली बातमी घेऊन लेकरं स्वतः हा हिशोब करतात. शेतातली मोटर ५ एचपीची आहे, तर ७४६ नं गुणा, साधारण ३.७ किलोवॅट. विषय संपला. एचपी म्हटल्यानं कुणाच्या डोक्यात चुकीचं फिजिक्स शिरत नाही.

माझं भांडण आहे ते डोक्यात चुकीचं चित्र बसवणाऱ्या जुन्या सामानाशी.

सगळ्यात जास्त नुकसान उष्म्याच्या धड्यात होतं. उष्णता म्हणजे वस्तूत भरलेला एक द्रव, ही कॅलरिकची कल्पना अठराव्या शतकातली. विशिष्ट उष्माधारकता, अप्रकट उष्मा हे शब्द त्याच काळाच्या आसपासचे. म्हणजे वस्तूत उष्मा 'धरलेला' आहे, बर्फ वितळताना तो 'लपला' आहे. रम्फर्ड या शास्त्रज्ञानं म्युनिकला तोफांच्या नळ्या कोरताना पाहिलं की घासत राहा, उष्णता निघतच राहते, संपत नाही. १७९८ सालची गोष्ट. भरलेला द्रव असता तर कधीतरी संपला असता ना? हे बघायला म्युनिकला जायची गरज नाही, ग्राइंडरवर कुऱ्हाडीला धार लावताना बघा. पुढं जूल या शास्त्रज्ञानं १८४० च्या दशकात किती कार्यातून किती उष्णता मिळते याचा आकडाच काढून दिला. तरी आज चांगले गुण पडलेलं पोरगं सांगतं की "गरम पाण्यात उष्णता जास्त असते". वस्तूत असते ती आंतरिक ऊर्जा. उष्णता म्हणायचं ते तापमानातल्या फरकामुळं एकीकडून दुसरीकडं जाणाऱ्या ऊर्जेला. हातपंप दाबून, म्हणजे कार्य करून, सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरली तर पंपाची नळी तापते, बाहेरून उष्णता न देता. हा प्रयोग फुकटात होतो, पण न्यूमेरिकलच्या घाईत करतंय कोण? शब्द बदला असं मी म्हणत नाही, बोर्डाचा पेपर त्याच शब्दांत येणार आहे. पण पहिल्या तासाला एवढं सांगून टाका.

दुसरं, "वेग वाढला की वस्तुमान वाढतं". एका मुलीनं यावर विचारलं, "मग खूप वेगानं गेलं तर त्याचं कृष्णविवर होईल का?" प्रश्न अगदी रास्त आहे, कारण आपणच तिला तसं शिकवलं. त्या वस्तूसोबत प्रवास करणाऱ्याला तिच्यात काहीच बदल दिसत नाही, मग कृष्णविवर कुठून होणार? वाढतात ते ऊर्जा आणि संवेग. खुद्द आइन्स्टाइननं १९४८ सालच्या पत्रात लिहून ठेवलंय की असं वेगासोबत वाढणारं वस्तुमान आणणं चांगलं नाही, त्याची स्पष्ट व्याख्या करता येत नाही. पंचाहत्तर वर्षं उलटून गेली, आमच्या नोट्समध्ये फोटॉनचं, म्हणजे प्रकाशाच्या कणाचं, वस्तुमान काढायला लावणं चालूच आहे. (ईएमएफ, म्हणजे इलेक्ट्रोमोटिव्ह फोर्स, त्याचं तर बोलायलाच नको. नावात फोर्स आणि एकक व्होल्ट.)

आणि अँपिअर, करंटचं एकक. दोन अनंत लांब तारा, मध्ये १ मीटर अंतर, दोन्हीत १ अँपिअर करंट असला की दर मीटरला २ गुणिले १० चा उणे ७ वा घात इतकं न्यूटन बल. आपण सगळ्यांनी घोकलंय हे. २० मे २०१९ पासून ही व्याख्या राहिलेली नाही. आता इलेक्ट्रॉनच्या भाराचं मूल्यच पक्कं ठरवलंय, १.६०२१७६६३४ गुणिले १० चा उणे १९ वा घात कूलोम, आणि अँपिअर त्यावरून येतो. म्हणून म्यू नॉट, त्या बलाच्या सूत्रातला स्थिरांक, हा आता प्रयोगानं मोजायचा आकडा झालाय. फरक इतका बारीक आहे की बारावीच्या गणितात तो दिसणारही नाही. त्याच दिवशी पॅरिसजवळचा प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळाही किलोग्रॅमच्या व्याख्येतून गेला, पण तो बऱ्याच क्लासच्या नोट्समध्ये अजून मुक्कामाला आहे.

दोन तारांमधल्या बलाचं सूत्र बरोबर आहे, ते शिकवायचंच. फक्त त्यावरचं "अँपिअरची व्याख्या" हे शीर्षक खोडा आणि कडेला "२०१९ पर्यंत" लिहा. या वर्षीच्या नोट्स अजून झेरॉक्सला गेल्या नसतील तर एवढं करूनच पाठवा.