पेन ड्राइव्हवर ‘कायमचे’ लिनक्स: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

विंडोज १० चे नियमित सहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि जुन्या लॅपटॉपचे करायचे काय, हा प्रश्न घरोघरी उभा राहिला. त्यावर उपाय म्हणून नागपुरातल्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतो आहे: ‘आतल्या डिस्कला हात लावू नका. सीताबर्डीतून ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह आणा आणि लिनक्स त्यावरच कायमचे बसवा. वेग तोच मिळतो, विंडोजला धक्का लागत नाही आणि अख्खा संगणक खिशात राहतो.’ लिनक्स या मोफत संगणक प्रणालीकडे वळा, हा त्यातला सल्ला चांगलाच आहे. त्याला जोडलेली कारणे मात्र तपासून घ्यावी लागतील.

‘वेग तोच मिळतो’ हा समज कुठून आला असावा, हे सहज कळते. लाइव्ह पेन ड्राइव्हवरून, म्हणजे कुठेही न बसवता, लिनक्स चालवून पाहिले की ते बऱ्यापैकी चपळ वाटते, कारण तेव्हा पेन ड्राइव्हवरून केवळ वाचन होते आणि नव्याने लिहिले जाणारे सारे रॅममध्ये राहून संगणक बंद होताच नाहीसे होते. तीच प्रणाली पेन ड्राइव्हवर पूर्णपणे बसवली, की ब्राउझरचा कॅशे (तात्पुरता साठा), नोंदींच्या फाइली आणि अपडेट अशा असंख्य बारीक लेखनांचा भार त्याच्यावर पडतो. वेष्टनावर छापलेला वेग मोठी फाइल सलग वाचण्याचा असतो. बारीक, विखुरलेल्या लेखनात स्वस्त पेन ड्राइव्ह इतका मागे पडतो की जुनी हार्ड डिस्कही अनेकदा त्याच्यापेक्षा बरी ठरते. माउसचा बाण हलतो आहे, पण खिडकी काही उघडत नाही, हा अनुभव तिथूनच येतो. शिवाय लॅपटॉपचे पोर्ट पाहावे. आत निळी पट्टी नसेल, तर ते बहुधा यूएसबी २.० असते, त्याची कागदोपत्री मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट असून प्रत्यक्षात ३० ते ४० मेगाबाइटच हाती लागतात, तर साधा साटा एसएसडी (साटा जोडणीवर आत बसणारी, फिरते भाग नसलेली डिस्क) ५०० मेगाबाइटच्या आसपास जातो.

विंडोजला धक्का लागत नाही, हे तर सरसकट म्हणताच येत नाही. उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरमध्ये पेन ड्राइव्ह निवडूनही बूटलोडर (संगणक सुरू होताना प्रणाली उघडणारा छोटा प्रोग्राम) आतल्या डिस्कच्या ईएफआय विभाजनात, म्हणजे त्यासाठी राखलेल्या भागात, जाऊन बसण्याचा दोष बरीच वर्षे होता. तसे झाले, की पेन ड्राइव्ह काढून लॅपटॉप सुरू केल्यावर विंडोजऐवजी काळ्या पडद्यावर ‘ग्रब’ (लिनक्सच्या बूटलोडरचे नाव) अशी एकच ओळ दिसू शकते. विंडोज त्या वेळी जागेवरच असते आणि बूटक्रम बदलून ते परत मिळवताही येते, पण ज्याला डिस्कला हात लावायची भीती वाटत होती, त्याचा जीव मात्र टांगणीला लागतो. उलट, आतल्या डिस्कवर लिनक्स बसवले म्हणजे विंडोज पुसले जाते, ही धास्तीही निराधार आहे. विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून विभाजन आकसवून रिकाम्या जागेत लिनक्स शेजारी बसवता येते. फक्त इन्स्टॉलरमधला संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडू नये.

टिकाऊपणाबद्दल संदेशात अवाक्षर नाही. एसएसडीमध्ये झीज सर्व पेशींवर सारखी वाटून देण्याची आणि प्रकृतीची नोंद ठेवण्याची जी सोय असते, ती सामान्य पेन ड्राइव्हमध्ये तोकडी असते किंवा नसतेच, त्यामुळे तो बहुधा पूर्वसूचना न देता बंद पडतो. सतत लेखनाने तो तापतोही, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या आपल्या शहरात त्यात भरच पडते.

राहिला खिसा. एकच पेन ड्राइव्ह वेगवेगळ्या संगणकांवर चालतो, हे बव्हंशी खरे आहे. पण तो हरवला आणि बसवताना एन्क्रिप्शन (फाइली सांकेतिक रूपात कुलूपबंद करणे) निवडलेले नसेल, तर सापडणाऱ्याला त्यातल्या सगळ्या फाइली वाचता येतात.

तेव्हा पेन ड्राइव्ह लाइव्ह चाचणीसाठी किंवा बिघडलेल्या संगणकातील फाइली वाचवण्यासाठी जरूर वापरावा. टेल्ससारख्या गोपनीयता जपणाऱ्या लिनक्स प्रणाली तर त्याच्यासाठीच घडवलेल्या आहेत. रोजच्या कामासाठी आतली डिस्क बरी, आणि ती जुनी हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी साटा एसएसडी बसवणे हा खर्च सर्वाधिक सार्थकी लागतो. लॅपटॉप कार्यालयाचा असल्यामुळे आत काही बदलता येत नसेल, तर परवानगी घेऊन यूएसबीला जोडायचा बाह्य एसएसडी वापरावा. विभाजनाला हात घालण्यापूर्वी फाइलींची प्रत दुसरीकडे काढावी, विंडोजचे फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्याची सोय) बंद करावे आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी.