लिंकनच्या एका सहीने सगळे गुलाम सुटले?

शाळेच्या ग्रंथालयात अमेरिकी स्वातंत्र्याच्या दस्तऐवजांचं प्रदर्शन मांडलं, की मुक्तीच्या जाहीरनाम्याच्या प्रतीखाली हमखास एक ओळ येते आणि फोटोसकट फिरत राहते: '१ जानेवारी १८६३ला लिंकन यांनी एका सहीने अमेरिकेतले सगळे गुलाम मुक्त केले.' वर लावलेला कागद वाचला तरी ही ओळ टिकत नाही.

'सगळे' म्हणाल, तर जाहीरनामा फक्त बंडखोर मुलखापुरता होता, म्हणजे यादवी युद्धात संघराज्यातून फुटून निघालेल्या दक्षिणेपुरता. केंटकी, मिसुरी, मेरीलँड, डेलावेअर ही संघराज्यात राहिलेली गुलामगिरीची राज्यं त्यात नाहीतच. लुईझियानाच्या नावापुढे तर कंस टाकून सेंट बर्नार्ड, प्लाकमिन्स, जेफरसन असे एकेक करत तेरा परगणे वगळलेत, न्यू ऑर्लिन्स शहरासकट. तिथे संघराज्याचं सैन्य आधीच पोचलं होतं, आणि लिंकन हा हुकूम सरसेनापती म्हणून, युद्धाची निकड दाखवून काढत होते.

'१८६३ला' म्हणाल, तर टेक्सासमध्ये गॅल्व्हेस्टनला गुलाम मुक्त झाल्याचा आदेश संघराज्याच्या जनरल ग्रेंजरने काढला तो १९ जून १८६५ला. त्यातही सुटलेल्यांना सल्ला असा, की आहात तिथेच शांतपणे राहा आणि मजुरीवर काम करा. केंटकी आणि डेलावेअरमधली गुलामगिरी कायद्याने संपली ती डिसेंबर १८६५मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने. तिनेही गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी शाबूत ठेवली. त्या पळवाटेतून दक्षिणेत कैदी भाड्याने देण्याचा धंदा फोफावला.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते 'एका सहीने'. मे १८६१मध्ये व्हर्जिनियात फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउन्सेंड हे तीन गुलाम मजूर रातोरात होडीने संघराज्याच्या ताब्यातल्या फोर्ट मन्रो किल्ल्याला पोचले. मालकाने त्यांना परत मागितलं. किल्ल्याचा प्रमुख जनरल बटलरने नकार दिला. मग त्या किल्ल्याकडे माणसांची रीघ लागली, तीही जाहीरनाम्याच्या दीड वर्ष आधी. युद्ध संपेपर्यंत सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक संघराज्याच्या फौजेत भरती झाले. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली तीसुद्धा कुणा एका राष्ट्राध्यक्षाला केली नाही. अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना केली.

हे ऐकून काही जण दुसरं टोक गाठतात: 'जाहीरनाम्याने कुणीच सुटलं नाही.' तेही चूक. दक्षिण कॅरोलिनाच्या सी आयलंड्सवर संघराज्याचं सैन्य होतं आणि तो भाग वगळलेला नव्हता. तिथले हजारो लोक त्याच दिवशी कायद्याने मुक्त झाले.

प्रदर्शन मांडणाऱ्या शिक्षकांना कळकळीची विनंती आहे: जाहीरनामा पूर्ण लावा, त्या कंसासकट, मुलांना वाचता येईल एवढ्या अक्षरात. शेजारी ग्रेंजरचा आदेश आणि तेरावी दुरुस्ती लावा. त्या तीन मजुरांची नावंही लिहा.