पैसे ओतले, डच यंत्रं आणली, की चिपचा कारखाना तयार?

सध्या फिरणारा एक दावा असा: 'चिपचं डिझाइन अमेरिकेचं, छपाईचं यंत्र हॉलंडचं, तैवानकडे फक्त स्वस्त मजूर. अमेरिकेने पैसे ओतले की दोन वर्षांत तसाच कारखाना तिकडे.' यातली पहिली दोन विधानं बरीचशी खरी आहेत, म्हणूनच बाकीचं सहज गळी उतरतं.

'स्वस्त मजूर'. चिप उद्योगाचा अभ्यास करणाऱ्या टेकइनसाइट्सच्या २०२५ मधल्या विश्लेषणात वेफरच्या (ज्या सिलिकॉनच्या चकतीवर चिप बनतात तिच्या) खर्चातला मजुरीचा वाटा २ टक्क्यांहूनही कमी निघतो. दोन-तृतीयांशाहून जास्त खर्च यंत्रांचा. ईयूव्ही यंत्र, म्हणजे तेच हॉलंडचं छपाईचं यंत्र, अमेरिकेतल्या फिनिक्ससाठी (अॅरिझोना) घ्या की तैवानमधल्या ताइनानसाठी, किंमत साधारण तीच. मग टीएसएमसी या तैवानी चिपकंपनीचा अॅरिझोनातला कारखाना महाग का पडतो? बांधकाम, परवाने आणि कच्चा माल. टीएसएमसीचे प्रमुख सी. सी. वेई यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं की तिथे परवान्यांना तैवानच्या किमान दुप्पट वेळ लागतो. अशा कारखान्याचे नियमच तिथे नव्हते, म्हणून तज्ज्ञ बसवून सुमारे १८,००० नियम तयार करावे लागले; खर्च साडेतीन कोटी डॉलर. सल्फ्युरिक आम्लसुद्धा तैवानहून बोटीने लॉस एंजेलिसला आणि तिथून ट्रकने अॅरिझोनाला. खतकारखान्याचं आम्ल इथे चालत नाही: धातूचे अंश एक लाख कोटी भागांत मोजके असावे लागतात.

'यंत्र आणलं की झालं'. हीच यंत्रं सॅमसंग आणि इंटेलकडेही आहेत. तरी सॅमसंगने टेक्सासमधल्या टेलरला नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर केलेला १७ अब्ज डॉलरचा कारखाना २०२४ वरून २०२६ वर गेला.

खरी गोम उताऱ्यात, म्हणजे वेफरवरच्या किती चिप चांगल्या निघतात त्यात. एका वेफरवर हजाराच्या आसपास प्रक्रिया होतात. ढोबळ हिशेब करू: प्रत्येक टप्पा ९९.९ टक्के बिनचूक असेल तर शेवटी चांगला माल उरतो ३७ टक्के. ९९.९९ केला तर ९०. दशांशानंतरचा हा एक नऊ विकत मिळत नाही. दोष दिसला की त्याचा वेफरवरचा नकाशा काढायचा, संशयित चेंबर (यंत्रातली प्रक्रियेची बंद पेटी) शोधायचा, वायूचा दाब किंवा तापमान किंचित बदलायचं आणि पुन्हा वेफर सोडायचे. एक वेफर पूर्ण व्हायला साधारण तीन महिने, त्यामुळे वर्षाला अशा मोजक्याच फेऱ्या पदरात पडतात. शेजारी चार कारखाने असतील तर एकाने शिकलेलं बाकीच्यांना लगेच लावता येतं. टीएसएमसीच्या तैवानमधल्या मुख्य ठाण्याचा, शिन्चूचा, फायदा तो आहे.

'दोन वर्षांत'. हा आकडा बहुधा टीएसएमसीच्या जपानमधल्या कुमामोतोच्या कारखान्यावरून आला असावा: एप्रिल २०२२ ला काम सुरू, फेब्रुवारी २०२४ ला उद्घाटन. पण तिथे १२ ते २८ नॅनोमीटरची जुनी पिढी बनते, आणि कुमामोतो आशियातच आहे. अॅरिझोनाची घोषणा मे २०२० ची, उत्पादन २०२४ अखेरीस. मध्ये जुलै २०२३ मध्ये कंपनीने वेळापत्रक २०२५ पर्यंत लांबल्याचं जाहीर केलं होतं, कारण यंत्रं बसवणारे कुशल हात कमी पडत होते. प्रत्येक यंत्राला वायू, रसायनं, निर्वात, अतिशुद्ध पाणी आणि धूर ओढणाऱ्या नळ्या जोडायच्या असतात. एक सांधा गळला तरी पुढचं सगळं थांबतं. शिवाय वेफर म्हणजे तयार चिप नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एन्व्हिडियाच्या ब्लॅकवेल या एआय चिपचा पहिला वेफर अॅरिझोनात निघाला, पण पॅकेजिंगसाठी, म्हणजे चिप कापून वापरण्याजोग्या बांधण्यासाठी, तो तैवानलाच जायचा होता.

आता तैवानबाहेर हे जमतच नाही, असा उलटा दावाही कुणी करू नये. टीएसएमसीच्या म्हणण्यानुसार अॅरिझोनाचा उतारा तैवानच्या तोडीचा आहे. आयर्लंडमधल्या लीक्सलिपला इंटेल सप्टेंबर २०२३ पासून ईयूव्ही वापरून मोठ्या प्रमाणावर उत्पादन करते. अर्थात तिथे कंपनीचा मुक्काम १९८९ पासूनचा.

'पैसे ओतले की'. जर्मनीने माग्देबुर्ग शहरातल्या कारखान्यासाठी इंटेलला सुमारे १० अब्ज युरोंचं अनुदान देऊ केलं होतं. जुलै २०२५ मध्ये इंटेलने तो प्रकल्पच सोडला. यंत्रांचा घसारा साधारण पाच वर्षांत वसूल करायचा असतो: १० अब्ज डॉलरची यंत्रं रिकामी बसली तर दिवसाला सुमारे ५५ लाख डॉलर जातात. अनुदानातून इमारत उभी राहते, ऑर्डर येत नाही.