बिनचहाचा मेंदू

"मावशी, चोवीस तास चहा सोडायचा. जमेल?" भाच्याने हे विचारलं तेव्हा माझ्या हातात चहाचाच कप होता. त्यामुळे "न जमायला काय झालं?" असं मी बोलून गेले. पोट भरलेलं असताना एकादशी अगदी सोपी वाटते.

मी मुलाकडे सहा महिन्यांसाठी अमेरिकेला आले होते. भाचा त्याच गावात पीएचडी करतो. प्रयोग त्याचा नव्हे, शेजारच्या टेबलावरच्या मुलीचा. एमआरआयमधून मेंदूच्या शिरांमधलं रक्त बघायचं, एकदा बिनकॅफीनचं आणि एकदा कॅफीन पोटात गेल्यावर. तिला चहा-कॉफीवर जगणारी माणसं हवी होती आणि भाच्याला सगळ्यात आधी मीच आठवले. "अंगात धातू काही नाही ना?" त्याने विचारलं. म्हटलं, "गुडघे अजून माझेच आहेत."

शेवटचा चहा सकाळी साडेनऊला घेतला. दुपार निभावली. चारला मात्र हात आपोआप पातेल्याकडे गेला. पाणी, आलं, गवती चहा, साखर, दूध असं सगळं घालून उकळून बघितलं. वऱ्हाड सगळं आलेलं आणि नवरदेवाचा पत्ता नाही, अशी ती चव होती. चॉकलेटही बंद होतं, त्यातही कॅफीन असतं म्हणे. संध्याकाळी सातला कपाळाच्या दोन्ही बाजू ठणकायला लागल्या. पुण्याहून आणलेल्या पिशवीतली डोकेदुखीची गोळी काढली, तर भाचा फोनवरून ओरडला, "थांब! आधी पाकिटावर वाच!" वाचलं. कॅफीन 50 मिलिग्रॅम. चहा मिळाला नाही म्हणून डोकं दुखतंय आणि औषधातही तेच!

मग फोनवरच शिकवणी झाली. मेंदू दिवसभर राबतो तसतसं त्यात अ‍ॅडिनोसिन नावाचं रसायन साठतं. ते झोप आणतं आणि रक्तवाहिन्या सैल सोडतं. कॅफीन काय करतं, तर अ‍ॅडिनोसिनच्या जागेवर आधीच जाऊन बसतं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तसं. अ‍ॅडिनोसिन बिचारं दांड्याला धरून उभं. त्यामुळे झोप उडते आणि रक्तवाहिन्या आवळतात. चाळीस वर्षं रोज पडणारा रुमाल एका दिवशी पडला नाही, तर वाहिन्या एकदम फैलावतात आणि डोकं उठतं. समजलं सगळं. डोकं काही थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला तिथे हजर. यंत्र 3 टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 60 हजार पट. कानातलं, बांगड्या, केसांतल्या पिना, सगळं एका ट्रेमध्ये. मंगळसूत्र काढून ठेवताना उगाच इकडेतिकडे बघितलं. जोडवी मात्र हटेनात. एकतीस वर्षांत बोटं आणि जोडवी एकजीव झालेली. शेवटी बेसिनच्या काठावर पाय टेकवून, साबण लावून, उजवं निघालं, डावं निघालं आणि तिसरं टुणकन उडून कपाटाखाली गेलं. चांदी चुंबकाला चिकटत नाही हे मला ठाऊक होतं, पण ते सांगायला गेले तर तंत्रज्ञ बाई गोड हसल्या आणि ट्रे पुढे केला. मीही वर्गात अशीच हसायचे.

डोक्यावर पिंजऱ्यासारखं काहीतरी बसवलं, कानात बोळे, हातात घाबरलं तर दाबायचा फुगा. "हलू नका" म्हटल्याक्षणी नाकाचा शेंडा खाजायला लागला. मग आवाज सुरू झाले. आधी पत्र्यावर हातोडा, मग करवत, मग सरळ विसर्जनाचा ताशा. त्या गोंगाटात मला एकदम सातवी ब आठवली. साताऱ्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचे. चुंबकाला लोखंड चिकटतं, हे झालं. रक्तात लोह असतं, हेही झालं. मागच्या बाकावरून एक पोरगा उठला, "बाई, मग रक्त चुंबकाला चिकटतं का?" मी म्हटलं, "खाली बस. आगाऊपणा पुरे."

आगाऊपणा नव्हताच तो. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल या रसायनशास्त्रज्ञांनी 1936 साली हेच तपासलं होतं. रक्तातलं लोह असतं ते हिमोग्लोबिनमध्ये. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन चुंबकापासून किंचित दूर सरतं आणि ऑक्सिजन देऊन टाकलेलं किंचित ओढलं जातं. 1990 मध्ये सेइजी ओगावा या शास्त्रज्ञांनी एमआरआयमधून उंदरांच्या मेंदूत याच फरकावरून शिरांच्या काळ्या रेघा दाखवल्या. वेगळं काही टोचायला नको, आपलं वापरून झालेलं रक्तच शाईचं काम करतं. पोरगा बरोबर होता आणि मी त्या नळीत नाक न खाजवता आडवी होते.

पहिली फेरी संपल्यावर 200 मिलिग्रॅमची कॅफीनची गोळी मिळाली. माझ्या हिशेबाने चार-पाच कप, पण ना आलं, ना वाफ, ना बशी. पाऊण तास बसवलं. अर्ध्या तासातच कपाळ मोकळं झालं आणि मी तंत्रज्ञ बाईंना मुलाच्या लग्नाची हकीकत सांगायला लागले. मग पुन्हा नळी, पुन्हा ताशा.

नंतर पडद्यावर दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. राखाडी मेंदू आणि त्यात झाडाच्या फांद्यांसारख्या शिरा. गोळीनंतरच्या चित्रात त्याच शिरा ठळक, काळ्या. कॅफीनने मेंदूकडे येणारं रक्त वीस-तीस टक्क्यांनी घटतं, पण मेंदूची ऑक्सिजनची भूक तेवढी घटत नाही. मग येईल त्या रक्तातून तो जास्त ऑक्सिजन काढून घेतो आणि शिरांतून परतणारं रक्त अधिक चोथा झालेलं असतं. म्हणजे ज्या चहाने तरतरी येते म्हणून आपण पितो, तो मेंदूचं पाणीच कमी सोडतो. नगरपालिकेने पाणीकपात करावी आणि गावाने म्हणावं, काय उत्साह वाटतोय!

दोन्ही चित्रं मी घरच्या ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, 'डावीकडे बिनचहाची, उजवीकडे चहाची.' पाच मिनिटांत थोरल्या जाऊबाईंचा निरोप आला. 'उजवीकडची छान ठसठशीत आलीये. डावीकडे फारच फिकट दिसतेस गं. तिकडे चहा मिळत नाही का?'

तिसरं जोडवं अजून त्या कपाटाखालीच आहे.