32ची एमसीबी मी का बसवली नाही

भाऊ, तुमचा अभिप्राय वाचला. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की आमच्या दुकानाने दोनदा पैसे घेतले, नवीन एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप लाइन तोडणारा खटका) टाकूनही ती रोज संध्याकाळी पडत राहिली, 16च्या जागी 32 अँपिअरची टाका म्हटलं तर मी नकार दिला, आणि शेवटी दुसऱ्या वायरमनने 32ची बसवून, "ते टेस्ट बटणवालं रुंद स्विचही काढून" दहा मिनिटांत काम संपवलं. नवतप्यात आईवडील उकाड्यात बसले आणि तुम्ही पुण्यात फोन धरून होतात. राग येणारच.

पण उत्तराआधी एक विनंती. आज रात्रीच काकाजींना, म्हणजे तुमच्या वडिलांना, फोन करा. पिन काढल्याशिवाय कूलरच्या पत्र्याला किंवा पाण्याला घरात कोणीही हात लावायचा नाही.

आता आमची चूक. पहिल्या खेपेला आमचा पोरगा आला, त्याने जुनी एमसीबी "वीक झाली" असं सांगून बदलली आणि पैसे घेतले. मीटर लावून किती अँपिअर जातात ते त्याने आधी बघायला पाहिजे होतं. जुनी एमसीबी चांगलीच होती. ते पैसे, मजुरीसकट, मी काकाजींना परत देणार आहे.

दुसऱ्यांदा मी स्वतः आलो, मुद्दाम संध्याकाळी सात वाजता, कारण काकू म्हणाल्या की स्वयंपाक चालू असतानाच लाइन जाते. मागच्या लाइनवर क्लॅम्प मीटर लावला. तुम्ही दिवाळीत पाठवलेली 2000 वॅटची इंडक्शन शेगडी एकटीच साडेआठ-नऊ अँपिअर घेते. त्यात नळ आलेला, म्हणून टिल्लू, म्हणजे नळाचं पाणी ओढणारा छोटा पंप, चालू. फ्रिज, कूलर, आणि कोणीतरी इस्त्री लावलेली. मीटरवर 19 दिसले. त्या वेळी आपल्याकडे व्होल्टेजही पडलेलं असतं, आणि कमी व्होल्टेजवर टिल्लूची मोटर जास्त करंट ओढते.

एमसीबी 16ची होती. तिच्या आत दोन धातूंची एक पट्टी असते, ती तापली की वाकते आणि खटका पाडते. जरासा जास्त लोड असेल तर ती लगेच पडत नाही, पंधरा-वीस मिनिटं घेते. तुमच्याकडे नेमकं हेच होत होतं. शॉर्ट असता तर उचलल्या क्षणी पडली असती. त्यात तुमचा बोर्ड छपरीत, टिनाखाली, पश्चिमेच्या भिंतीवर. एमसीबीचा आकडा 30 अंश तापमान धरून ठरवलेला असतो. मे महिन्यात त्या भिंतीला हात लावून बघा, मग ती लवकर का पडते ते कळेल. काकाजींनी खटक्याला सुतळी बांधून पाहिली होती, तरी लाइन गेलीच. एमसीबी अशीच बनवलेली असते, खटका वर धरून ठेवला तरी आतून सुटते.

मग 32ची का नाही? एमसीबी भिंतीतल्या वायरला सांभाळायला असते. मागच्या खोल्यांना गेलेली वायर दीड एमएमची आहे, घरात चार बल्ब आणि एक पंखा होता तेव्हाची. लाकडी पट्टीतून गेलेली अशी वायर पंधराएक अँपिअर सोसते. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, आणि वायरीवरचं साधं पीव्हीसी 70 अंशांपर्यंतच टिकतं. 32ची एमसीबी 36 अँपिअरलाही तासभर तशीच उभी राहू शकते. तेवढ्यात वायर आतून वितळते आणि एमसीबीला पत्ताही लागत नाही. ती वायर जाते कुठून, तर मागच्या खोलीच्या लाकडी पट्टीतून. त्या खोलीत भाव येईल म्हणून ठेवलेला कापूस आढ्यापर्यंत भरलेला आहे. तो पाहिल्यावर मी ती एमसीबी बसवूच शकत नव्हतो, भाऊ. तुम्ही दुप्पट पैसे दिले असते तरी नाही.

आणि आता ते रुंद स्विच, ज्याची मला जास्त काळजी आहे. ती आरसीसीबी. फेजच्या वायरीतून गेलेला करंट न्यूट्रलच्या वायरीतून तेवढाच परत येतो का, एवढंच ती बघते. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की पडते. 60 वॅटचा बल्ब याच्या आठपटीहून जास्त करंट घेतो, आणि माणूस मरायला बल्बाएवढा करंटही लागत नाही. 16ची असो की 32ची, एमसीबीला तो जाणवतच नाही. तुमच्या घरी कूलरचा पंप चालू केला की आरसीसीबी पडायची. पंपात पाणी शिरलंय आणि करंट पत्र्यावर उतरतोय, हे मी तेव्हाच काकाजींना सांगून पंप काढून ठेवला होता. तुमच्या लिहिण्यावरून वाटतं की तोच पंप परत लावलाय. कूलरच्या प्लगची तिसरी पिन तुटलेली आहे. अर्थिंगचा खड्डा काळ्या मातीत आहे, ती माती आता भेगाळून कोरडी पडलीय. म्हणजे करंटला जायला दुसरी चांगली वाटच नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून बादलीने कूलर भरणारी काकूच राहते. आपल्या भागात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात. त्यातल्या दोन घरी वायरिंग बघायला नंतर मला बोलावलं होतं.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही सांगतो. आरसीसीबी पडत असेल तर सगळ्या पिना काढा, ती उचला, आणि एकेक वस्तू लावत जा. जिच्यावर पडेल ती बाजूला ठेवा. काहीच न लावता पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये आहे, किंवा इन्व्हर्टरचा न्यूट्रल दुसऱ्या लाइनच्या न्यूट्रलमध्ये मिसळलाय. मग वायरमनच पाहिजे. महिन्यातून एकदा टेस्ट बटण दाबा. पडली नाही तर बदला.

तुमच्या घरचं काम असं आहे: बोर्डापासून स्वयंपाकघरापर्यंत 4 एमएमची वेगळी लाइन, त्यावर 20ची एमसीबी. मागच्या जुन्या लाइनला 10ची, म्हणजे तिथे फक्त लाइट, पंखे आणि कूलर. आरसीसीबी परत जागेवर, कूलरला नवा पंप आणि तीन पिनांचा प्लग. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरून रोज बादलीभर पाणी. वायर तुम्ही कुठल्याही दुकानातून आणा, मजुरी मी घेणार नाही.

उद्या सकाळी साडेसहाला मी येतो. तोपर्यंत इंडक्शन आणि टिल्लू एका वेळी लावू नका. आणि कूलर भरायचाच असेल तर आधी पिन काढायची, मगच बादली उचलायची, एवढं काकूंना तुमच्या तोंडून सांगा. तुमचं त्या ऐकतील.