'बेटर मॅन'मधल्या चिंपांझीमागे माणूस आहे

ब्रिटिश पॉप गायक रॉबी विल्यम्सवरच्या 'बेटर मॅन' (२०२४) या चित्रपटात रॉबी चिंपांझीच्या रूपात दिसतो. त्याबद्दल एक दावा सारखा फिरतोय: "नायकाच्या जागी एआयचं माकड टाकलंय, नटाला कामच नाही, सगळं स्टुडिओत केलेलं, निव्वळ लक्ष वेधायला. म्हणूनच पडला."

नटाला काम नाही? जॉनो डेव्हिस हा माणूस मोठ्या झालेल्या रॉबीच्या प्रसंगांत सेटवर उभा होता. अंगात घट्ट राखाडी पोशाख, त्यावर खुणा, डोक्याला बांधलेला छोटा कॅमेरा थेट चेहऱ्यावर रोखलेला. समोरचे कलाकार त्याच्याशीच बोलत, भांडत, रडत होते. याच कामासाठी त्याला ऑस्ट्रेलियाच्या आक्टा पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरवलं गेलं. त्याची मेहनत अशी एका ओळीत पुसली जाते, याचा मला मनापासून राग येतो.

एआयचं म्हणाल, तर हे एआय नव्हे. न्यूझीलंडच्या वेटा एफएक्स या व्हिज्युअल इफेक्ट्स कंपनीने हेच तंत्र २०११ पासूनच्या 'प्लॅनेट ऑफ द एप्स' चित्रपटांत वापरलंय. नटाच्या हालचालीवर अ‍ॅनिमेटर केस, कातडी, सुरकुत्या चढवतात. डोळे मात्र खुद्द रॉबीचे, स्कॅन करून घेतलेले.

चिंपांझीच का? दिग्दर्शक मायकेल ग्रेसी दीड वर्ष रॉबीशी गप्पा मारून त्या रेकॉर्ड करत होता. त्यात रॉबी स्वतःला वरचेवर मदाऱ्याच्या माकडासारखं म्हणायचा, हुकूम झाला की नाचणारं. चित्रपटात त्याच्या रूपाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, कारण तसा तो फक्त स्वतःलाच दिसतो.

आणि चित्रपटातलं रॉबीचं 'रॉक डीजे' गाणं स्टुडिओतलं? ते लंडनच्या खऱ्या रीजंट स्ट्रीटवर रात्री चित्रित झालंय. सुमारे ५०० नर्तक, लाल बस, आणि सगळं एका दमात घेतल्यासारखं दिसायला हवं, म्हणून जमिनीवर पट्ट्या चिकटवून रस्ता आखून आधी तालीम केलेली. सप्टेंबर २०२२ मध्ये ऐन वेळी राणी एलिझाबेथ गेल्या, देशात दुखवटा लागला, चित्रीकरण रद्द. लावलेला पैसा बुडाला. नव्याने पैसे उभे करून काही महिन्यांनी मंडळी त्याच रस्त्यावर परत आली आणि चार रात्रींत गाणं पुरं केलं.

पडला, हे मात्र खरं. सुमारे ११ कोटी डॉलर खर्च आणि कमाई दोन कोटींच्या आसपास. पण त्याचं खापर चिंपांझीवर कशाला? अमेरिकेत रॉबी विल्यम्स कोण, हेच अनेकांना माहीत नव्हतं.